सदिश व आव्यूह यांचे परस्पर रूपांतर
संख्यांची एकेरी क्रमवार मांडणी म्हणजे सदिश आणि ओळी व स्तंभ यांत केलेली आयताकार मांडणी म्हणजे आव्यूह. यांपैकी एका मांडणीतील संख्या न बदलता त्या दुसरीत मांडणे, या क्रियेला येथे रूपांतर म्हटले आहे. ही क्रिया क्षुल्लक वाटते. परंतु वैज्ञानिक परिकलनाच्या संगणक भाषांच्या इतिहासात तिला महत्त्वाचे स्थान आहे.

‘आव्यूह’ या अर्थाची इंग्रजी संज्ञा जे. जे. सिल्व्हेस्टर यांनी १८५० मध्ये वापरली व आर्थर केली यांनी १८५८ मध्ये आव्यूहांचे बीजगणित मांडले. अज्ञात आव्यूहाचे स्तंभ एकाखाली एक रचून सदिश केला, तर आव्यूह-समीकरणाचे नेहमीच्या एकघाती समीकरणांत रूपांतर होते. या पद्धतीचे मूलभूत सूत्र डब्ल्यू. ई. रॉथ यांनी १९३४ मध्ये दिले. म्हणजेच ही कल्पना संगणकापूर्वीची आहे.

संगणकामुळे ती अपरिहार्य झाली. संगणकाच्या स्मृतीतील स्थाने एका रेषेत क्रमांकित असतात. तीत आयत नसतो. आव्यूहही सदिशाच्या रूपातच साठवावा लागतो. जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी आय. बी. एम. ७०४ या संगणकासाठी रचलेली फोर्ट्रान भाषा १९५७ मध्ये उपलब्ध झाली. तीत स्तंभक्रम स्वीकारला गेला : प्रथम पहिला स्तंभ वरून खाली, नंतर दुसरा. म ओळींच्या आव्यूहात क-व्या ओळीतील व ख-व्या स्तंभातील घटकाचे स्थान क + (ख − १) × म असे येते. त्या संगणकाची स्मृती जास्तीत जास्त ३२,७६८ शब्दांची होती. १०० × १०० चा एकच आव्यूह तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापी. त्यामुळे ‘इक्विव्हॅलन्स’ या विधानाने एकाच जागेला सदिश व आव्यूह अशी दोन नावे देण्याची सोय उपयुक्त ठरली.

केनेथ आयव्हर्सन यांच्या १९६२ मधील ग्रंथातील अंकनपद्धतीतून एपीएल ही भाषा निर्माण झाली. तीत ऱ्हो या ग्रीक अक्षराने सदिशाला हवा तो आकार देता येतो. मात्र क्रम ओळींचा असतो. १९७० नंतरच्या दशकात आलेल्या सी भाषेतही ओळक्रमच आहे. क्लीव्ह मोलर यांनी त्याच दशकाच्या अखेरीस फोर्ट्रानमध्ये रचलेल्या मॅटलॅबने स्तंभक्रम कायम ठेवला. तीत आव्यूहाच्या नावापुढे कंसात अपूर्णविराम चिन्ह दिले की, त्याचा स्तंभ-सदिश मिळतो. फोर्ट्रान ९० मध्ये ‘रिशेप’ हे अंगभूत फलन आले. आर व ज्युलिया या भाषा स्तंभक्रम पाळतात; पायथनमधील नमपाय (२००६) सामान्यतः ओळक्रम धरते, पण दुसरा पर्यायही देते.

या दोन प्रथांचा परिणाम एका उदाहरणावरून कळतो. १, २, ३, ४, ५, ६ या सदिशाचा दोन ओळी व तीन स्तंभांचा आव्यूह केल्यास ओळक्रमाने पहिली ओळ १, २, ३ अशी, तर स्तंभक्रमाने ती १, ३, ५ अशी येते. संख्या त्याच, आव्यूह मात्र भिन्न. आव्यूह चौरस असल्यास एका क्रमाने लिहिलेला सदिश दुसऱ्या क्रमाने वाचल्यावर त्याचा परिवर्त, म्हणजे ओळी व स्तंभ यांची अदलाबदल झालेला आव्यूह, हाती येतो. आकार जुळत असल्याने यंत्र कोणतीही सूचना देत नाही. ते दुसऱ्याच समीकरणांची उत्तरे काढते आणि ती संभाव्यही दिसतात. परीक्षणासाठी सममित आव्यूह घेतला, तर त्याचा परिवर्त तोच असल्याने दोष उघड होत नाही. म्हणून परीक्षणाचा आव्यूह असममित व शक्यतो आयताकार असावा.

एकच स्तंभ असलेला आव्यूह व सदिश यांबाबतही एकमत नाही. मॅटलॅबमध्ये स्तंभ-सदिश हा एक स्तंभाचा आव्यूहच होय. फोर्ट्रान व ज्युलिया यांत ते दोन वेगळे प्रकार आहेत. आर भाषेत आव्यूहातून एक स्तंभ निवडला की, विशेष निर्देश न दिल्यास त्याचे आव्यूहपण जाते व सदिश उरतो. पुढील गुणाकार आव्यूहाची अपेक्षा करीत असल्यास येथे घोटाळा संभवतो.

सारांश, स्मृतीत असतो तो सदिश. आव्यूह हा तो वाचण्याविषयीचा संकेत होय. हा संकेत संख्यांसोबत स्मृतीत आपोआप लिहिला जातोच असे नाही. म्हणून एका भाषेतून दुसरीत आधारसामग्री नेताना आकाराबरोबर क्रमही नोंदविणे आवश्यक ठरते.