मलकवालची एक बाटली

मी पंचकुल्यात राहतो. हा सगळा मुलूख एकेकाळी अखंड पंजाब प्रांतात होता. आजची गोष्ट त्याच पंजाबातली, पण तिचं दुसरं टोक आपल्या परळला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या. प्लेगने हैराण झालेल्या पंजाबात तर मोठी मोहीमच आखली गेली.

३० ऑक्टोबर १९०२. मलकवाल गाव, आता पाकिस्तानात. त्या दिवशी पाच बाटल्यांतून १०७ जणांना लस टोचली. आठवडाभराने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकही वाचला नाही. हे सगळे एकाच बाटलीतले, क्रमांक ५३-एन. बाकी ८८ जण ठणठणीत.

म्हणजे प्रश्न एवढाच, की ही बाटली बिघडली कुठे? परळला, की मलकवालला?

मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या चौकशी आयोगाने बोट दाखवलं परळकडे. कारण हाफकिननी लशीत कार्बोलिक ॲसिड घालणं थांबवून निर्जंतुकीकरण उष्णतेवर सोपवलं होतं. त्यांना कामावरून दूर केलं गेलं. लष्करात मीही कोर्ट ऑफ इन्क्वायरीत बसलो आहे. वरच्या माणसाने नियम बदललेला दिसला, की प्रत्यक्ष जागेवर काय घडलं हे विचारायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. मलाही आला आहे.

आणि जागेवर घडलं होतं. बाटलीचं बूच काढायचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला. तो ज्योतीवर न धरता नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात! हा तपशील चौकशीच्या कागदांतच होता.

तो उचलून धरला रोनाल्ड रॉस यांनी. हे तेच, १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी शोधणारे लष्करी डॉक्टर. जंतू परळलाच शिरले असते, तर इतक्या आठवड्यांत लशीला दुर्गंधी सुटली असती; बाटली उघडताना डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. शिवाय विष आधीच साठलेलं असतं, तर लक्षणं दिसायला आठवडा लागला नसता. जुलै १९०७ मध्ये रॉससह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहिलं. त्याच वर्षाअखेरीस हाफकिन दोषमुक्त झाले.

मधली पाच वर्षं मात्र पंजाबची गेली. मलकवालच्या बातमीने लसीकरणाची मोहीम कोलमडली होती, लोक सुईजवळ यायला तयार नव्हते. एकट्या १९०७ साली या प्रांतात प्लेगने सहा लाखांहून जास्त माणसं नेली.

हाफकिन परत आले, पण कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्यांना पुन्हा मिळाली नाही. तिला त्यांचं नाव दिलं गेलं ते १९२५ साली.