तळटीप : ‘घरचे मैदान’

घरचे मैदान : यजमानांना प्रेक्षकांचे बळ मिळते, हे लेखकाचे म्हणणे खरे, पण महाराष्ट्रात ते पडताळायची संधी हुकली. महिला फुटबॉलचा एएफसी आशिया चषक २०२२च्या जानेवारीत मुंबई, नवी मुंबई व पुण्यात भरला, तोही करोनामुळे प्रेक्षकांविना. २० जानेवारीला डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत-इराण सामना ०-० सुटला. संधी हुकल्यावर हळहळायलाही गॅलरीत कोणी नव्हते. पुढे खेळाडूच बाधित झाल्याने चायनीज तैपेईविरुद्ध संघ उतरला नाही आणि यजमान स्पर्धेबाहेर गेले.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर महिलांच्या सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक होते. अर्थात नुसत्या गर्दीने गोल होत नाहीत. ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात भुवनेश्वरला प्रेक्षक होते, तरी भारत अमेरिकेकडून ०-८ हरला. — संपा.