थापेला आवर : एका यंत्राचा इतिहास आणि त्याची निवड

भरतमुनींनी ज्या वाद्यांस अवनद्ध अशी संज्ञा दिली, त्या चर्मवाद्यांचा नाद कानास जितका प्रिय, तितकाच तो ध्वनिमुद्रणाच्या यंत्रास जड जातो. तंबोऱ्याचा अथवा सनईचा स्वर बराच वेळ एका पातळीवर नांदतो. थापेचे तसे नाही. कातड्यावर हात पडताच सेकंदाच्या काही सहस्रांशांत नाद शिखरास पोचतो आणि लगेच ओसरू लागतो. शिखर सांभाळावे म्हणून मुद्रणाची पातळी खाली ठेवली, तर मागचा घुमारा ऐकू येत नाही. घुमाऱ्यासाठी ती वर घेतली, तर थाप फाटते. या पेचातून वाट काढणारे यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर होय. मंदिरांतील आरत्या व उत्सव मुद्रित करून ठेवण्याची प्रथा आता सर्वत्र रुळली आहे. त्यामुळे हे यंत्र कोणते घ्यावे, आणि स्वस्तातले घेतले तर चालेल काय, हा प्रश्न व्यवस्थापक मंडळींपुढे येणे स्वाभाविकच आहे. त्याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात सापडते, असे आमचे मत आहे.

वस्तुतः हे यंत्र वाद्यांसाठी जन्मलेच नाही. नभोवाणीच्या प्रक्षेपकास ध्वनीची एक मर्यादा असते. ती ओलांडली की प्रक्षेपण विद्रूप होते. आरंभी एक तंत्रज्ञ बटणावर हात ठेवून बसे आणि आवाज चढू लागला की तो उतरवी. परंतु माणसाचा हात कितीही चपळ असला, तरी तो आवाज ऐकल्यानंतरच हलणार. म्हणून १९३०च्या दशकात हे काम यंत्राकडे सोपविण्यात आले. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा ११०-ए हा १९३७ सालचा प्रवर्धक या प्रकारच्या आद्य यंत्रांपैकी एक. पुढे तबकड्या कापणाऱ्यांनीही त्याचा आश्रय केला, कारण फार मोठा आवाज आला की सुईची चर शेजारच्या चरीत घुसण्याचे भय असे.

यंत्राचे कार्य समजावयास कठीण नाही. आवाजाची एक पातळी आपण ठरवून द्यावयाची. तिला थ्रेशोल्ड, म्हणजे उंबरठा, म्हणतात. उंबरठ्याच्या आतील नादास यंत्र स्पर्श करीत नाही. त्यावर चढलेल्या नादास ते ठरलेल्या प्रमाणात दाबते. प्रमाण चारास एक असेल, तर उंबरठ्यापेक्षा ८ डेसिबल वर गेलेला नाद केवळ २ डेसिबलच वर राहतो. यंत्राने नाद किती त्वरेने धरावा, याचे नाव अटॅक; आणि धरलेला नाद किती वेळाने सोडावा, याचे नाव रिलीज. चर्मवाद्यांच्या बाबतीत सारे मर्म या शेवटच्या दोन गोष्टींत आहे.

हे मर्म लोकांच्या कानी आले ते १९६६ साली लंडनमध्ये. अमेरिकेतील फेअरचाइल्ड कंपनीने १९५०च्या दशकाच्या अखेरीस रेन नार्मा या मूळच्या एस्टोनियन अभियंत्याच्या आराखड्यावरून ६६० हे यंत्र तबकड्या कापण्याच्या कामासाठी काढले होते. त्याच्याच ६७० या दुहेरी आवृत्तीत २० व्हॉल्व्ह व १४ ट्रान्सफॉर्मर असून तिचे वजन सुमारे ३० किलो भरते. ६ एप्रिल १९६६ रोजी इएमआयच्या स्टुडिओत बीटल्स मंडळींनी 'टुमॉरो नेव्हर नोज' या गीताचे मुद्रण आरंभिले. आपल्या तंबोऱ्याची आसही त्या गीतात आहे. जेफ एमरिक हा तेथील मुद्रक त्या वेळी अवघा वीस वर्षांचा होता. त्याने पायाने वाजवावयाच्या मोठ्या ढोलात लोकरी स्वेटर कोंबला, संस्थेचा शिरस्ता मोडून मायक्रोफोन ढोलाच्या अगदी जवळ नेला, आणि ढोलांचा सारा नाद फेअरचाइल्ड ६६०मधून जोराने दाबून घेतला. यंत्र थाप पकडी आणि सोडताना मागचा घुमारा व झांजांचा झणत्कार उसळून वर येई. आवाजाला आवर घालावयाचे यंत्र असे वाद्याच्या प्रकृतीचाच भाग बनले.

त्यानंतरची प्रगती वेगाने झाली. १९६७ साली बिल पटनम यांच्या युरेई कंपनीने ११७६ हे ट्रान्झिस्टरचे यंत्र काढले. त्याचा सर्वांत त्वरित अटॅक सेकंदाच्या २० दशलक्षांशांइतका आहे. १९७१ साली डेव्हिड ब्लॅकमर यांनी डीबीएक्स कंपनी स्थापिली. तिचे १६० हे यंत्र अटॅक व रिलीज स्वतःच ठरवी, आणि तरीही ढोलावर ते अतिशय लोकप्रिय झाले. शूर कंपनीचे लेव्हल-लॉक हे तर सभेतील वक्त्याचा आवाज एकसारखा राखण्यासाठी काढलेले साधे, स्वस्त उपकरण. पण पुढे चॅड ब्लेकसारख्या नामांकित मुद्रकांनी ते ढोलांवर हौसेने वापरले. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात टेक्सासमधील एफएमआर ऑडिओ या लहानशा कंपनीने २०० डॉलरांहून कमी किमतीत आरएनसी हे छोटे यंत्र विकावयास काढले. त्यास अटॅक व रिलीज या दोहोंची स्वतंत्र बटणे होती, आणि ज्यांचे खिसे लहान होते, अशा असंख्य मुद्रकांचे काम त्याने निभावले. आज तर संगणकावर हेच कार्य करणारी साधने विनामूल्यही मिळतात. रीकॉम्प हे त्यांतील एक.

या इतिहासाचे सार काय? थोर म्हणून गाजलेली यंत्रे बहुधा दुसऱ्याच कामासाठी घडली होती, आणि ढोलावर ती शोभली ती किमतीमुळे नव्हे, तर थाप धरण्याच्या व सोडण्याच्या त्यांच्या वेळेमुळे. महाग यंत्रांतील व्हॉल्व्ह व ट्रान्सफॉर्मर नादास एक रंग देतात, हे खरे. व्यवसायाने मुद्रण करणाऱ्यास त्याचे मोल वाटणारच. परंतु आरतीच्या मुद्रणास अशा रंगाची निकड नसते. म्हणून स्वस्त साधन घेताना एकच कसोटी लावावी: अटॅक व रिलीज आपल्या हाती आहेत किंवा नाहीत.

गोव्याच्या घुमटाचे उदाहरण घेऊ. मातीच्या भांड्याच्या मोठ्या तोंडावर कातडे आणि लहान तोंड उघडे. त्या उघड्या तोंडावरील हाताने वादक घुमारा कमीजास्त करतो. अटॅक अतिशय त्वरित ठेवला, तर यंत्र थापेचे टोकच छाटते आणि वादकाचा हात मऊ पडल्यासारखा वाटतो. तो १० ते ३० सहस्रांश सेकंद ठेवला, तर थाप निसटून पुढे जाते व दाब मागच्या घुमाऱ्यावर पडतो. रिलीजचा हिशेब लयीवरून करावा. मिनिटास १२० मात्रांची लय असेल, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. तिच्यात चार थापा पडत असतील, तर दोन थापांत १२५ सहस्रांश सेकंदांचे अंतर राहील. पुढची थाप येण्यापूर्वी यंत्राने मागची सोडली पाहिजे. न सोडल्यास सारे वादन एकाच ओझ्याखाली वाकल्यासारखे ऐकू येते.

आणखी एक धोका ध्यानी ठेवावा. घुमट, शामेळ, कांसाळे आणि गायक हे सर्व एकाच मायक्रोफोनवर घेऊन तो नाद दाबला, तर प्रत्येक थापेसरशी गायकांचा आवाज खाली बसतो, आणि थाप ओसरताच कांसाळ्यांचा झणत्कार अकारण वर येतो. लंडनच्या गीतात जो चमत्कार वाटला, तोच आरतीत विघ्न ठरतो. म्हणून घुमटास वेगळा मायक्रोफोन द्यावा व दाब तेवढ्यावरच ठेवावा.

तथापि सर्वांत महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. मुद्रण चालू असताना जे दाबले गेले, ते पुढे कोणासही पूर्ववत करता येत नाही. आजची २४ बिटांची मुद्रणयंत्रे इतकी समर्थ आहेत, की सर्वांत जोराची थाप कमाल मर्यादेच्या १२ डेसिबल खाली ठेवली, तरी घुमारा स्वच्छ टिपला जातो. तेव्हा मूळ मुद्रण अस्पर्श ठेवावे, आणि दाबावयाचे ते त्याच्या प्रतीवर, सावकाश, संगणकावर दाबावे. द्रव्य थोडे असेल, तर ते आधी चांगल्या मायक्रोफोनवर खर्चावे. सभामंडपातील ध्वनिवर्धकासाठी मात्र तत्क्षणी काम करणारे यंत्र लागते. पण आजच्या अनेक डिजिटल मिक्सरांत ते अंगभूतच असते, हे पाहून मगच नवीन खरेदी करावी.

घुमटावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीस संरक्षण मिळाल्यावर बकऱ्याचे कातडे आले. २०१९ साली गोवा शासनाने घुमटास वारसा वाद्य म्हणून मान दिला. परंतु वारसा म्हणजे केवळ भांडे व कातडे नव्हे. कोणत्या जागी हलका हात, कोठे भार, कोणती थाप मुद्दाम दबकी, हे सारे वृद्ध वादकांच्या बोटांत आहे, आणि लिहून ठेवता येईल असे ते नाही. हलक्या व भारी थापांतील हे अंतरच अविचाराने लावलेला कॉम्प्रेसर पुसून टाकतो. उद्याचा शिष्य ते मुद्रण ऐकेल, तेव्हा त्यास सर्व थापा एकसारख्याच भासतील, आणि गुरूचा हात असाच होता, असे तो समजेल. यंत्र स्वस्त असो वा महाग, त्याच्या बटणास हात लावणाऱ्याने प्रथम वादकाजवळ बसून त्याचे वादन पुरते ऐकावे, एवढीच आमची विनंती आहे.