पेशीसंवर्धनाची उत्पादकता (जैविक औषधनिर्मिती)

जिवंत पेशींकडून औषधी प्रथिने तयार करून घेताना संवर्धन द्रवाच्या दर लिटरमागे मिळणारे प्रथिन म्हणजे पेशीसंवर्धनाची उत्पादकता. ती सहसा ग्रॅम प्रतिलिटरमध्ये मोजतात. इन्शुलिनसारखी लहान प्रथिने जीवाणूंत किंवा यीस्टमध्ये बनतात. एककृंतक प्रतिपिंडांची घडी आणि त्यांवरील शर्करासाखळ्या यांसाठी मात्र सस्तन प्राण्यांच्या पेशी लागतात. त्यांत चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून मिळवलेल्या सीएचओ पेशी सर्वाधिक वापरात आहेत.

इतिहास : थिओडोर पक यांनी १९५७ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात या पेशी वेगळ्या केल्या. १९८० मध्ये कोलंबिया विद्यापीठातील गेल उर्लाउब व लॉरेन्स चेसिन यांनी डीएचएफआर हे विकर नसलेल्या सीएचओ पेशी मिळवल्या. त्यांत औषधी प्रथिनाचे जनुक डीएचएफआर जनुकासह घालून डीएचएफआरला रोखणाऱ्या मेथोट्रेक्सेट या औषधाची मात्रा वाढवत नेली, की दोन्ही जनुकांच्या प्रती वाढलेल्या पेशीच तगतात. सीएचओ पेशींत बनलेले पहिले औषध टीपीए. रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या या प्रथिनाला अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळाली. त्या सुमारास लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम प्रथिन मिळे; २००४ पर्यंत हा आकडा ५ ग्रॅमच्या घरात गेला.

वाढीचे मार्ग : जिवंत पेशी किती व किती दिवस टिकतात आणि प्रत्येक पेशी रोज किती प्रथिन स्रवते, यांवर उत्पन्न ठरते. म्हणून आधी असंख्य क्लोन तपासून सरस क्लोन निवडतात. ग्लुकोज एकदम जास्त दिल्यास लॅक्टेट साचते, ग्लुटामिनपासून अमोनिया बनतो. हे दोन्ही पदार्थ पेशींना घातक असतात. त्यामुळे फेड-बॅच पद्धतीत सुमारे दोन आठवडे थोडेथोडे पोषण देतात. तापमान ३७° से. वरून ३०–३३° से. वर आणल्यास वाढ मंदावते, पेशी अधिक काळ जगतात आणि अनेक क्लोनमध्ये स्रवणही वाढते. ऑक्सिजनचे बुडबुडे फुटताना पेशींना इजा होते. ती टाळण्यासाठी पोलोक्झामर मिसळतात. परफ्यूजन पद्धतीत पेशी टाकीतच राखून माध्यम सतत बदलतात.

मर्यादा : संवर्धनाची परिस्थिती बदलली की शर्करासाखळ्या बदलू शकतात व औषधाच्या परिणामात फरक पडतो. उत्पन्न वाढले की शुद्धीकरणाचा भारही वाढतो. त्यामुळे प्रमाणित दर्जाचे, शुद्ध प्रथिन किती हाती आले, हीच उत्पादकतेची खरी कसोटी होय.