दहावीच्या मुलाला पहिलीत बसवणारी स्क्रिप्ट

आज एकच प्रश्न घेऊन आलेय. ३.९ मोठं की ३.१०? शाळेतलं गणित म्हणेल ३.९. पायथनवाल्याला विचारा, तो म्हणेल ३.१०, आणि त्याचंच बरोबर आहे. व्हर्जन नंबर हा दशांश अपूर्णांक नसतोच. धडा तिसरा, प्रश्न दहावा, असा तो वाचायचा.

पायथन ३.१० आलं ऑक्टोबर २०२१ मध्ये. मी बिल्डच्या यामल फाइलमध्ये तो आकडा अवतरण चिन्हांशिवाय लिहिला. यामलने त्याला संख्या समजून शेवटचं शून्य गाळलं, आणि बिल्ड बिचारा ३.१ शोधत बसला. रात्री अकराला लॉग वाचताना वाटलं, आपल्याइतकं बावळट कुणी नसेल. नंतर कळलं, या रांगेत आपल्या पुढे बरीच मोठी माणसं उभी आहेत.

माझा सगळ्यात आवडता किस्सा फ्रीबीएसडीचा. युनिक्सवर सोर्समधून प्रोग्रॅम बांधायचा तर बऱ्याचदा आधी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालते. सिस्टिम कुठली, तिला काय जमतं, हे ती तपासते. शेअर्ड लायब्ररीचा भाग तिच्यात लिबटूलकडून येतो. त्यात एक नियम होता: सिस्टिमचं नाव ‘फ्रीबीएसडी१’ने सुरू होतंय? मग पुढे काहीही असो, ही पहिली जुनी आवृत्ती, हिच्यावर शेअर्ड लायब्ररी बांधू नका. नव्वदच्या दशकात यात काहीच चूक नव्हती. पण २०११ मध्ये फ्रीबीएसडी १० वर काम सुरू झालं, आणि दहाची सुरुवातही एकनेच होते! दहावीचा मुलगा थेट पहिलीत. वर आरडाओरडा नाही, एरर नाही. लायब्ररी नुसती बनायचीच नाही.

लिबटूलमधली ओळ बदलणं सोपं होतं. पण कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करून प्रत्येक प्रोजेक्ट आपापल्या सोर्ससोबत वाटतो, त्यामुळे जुनी ओळ जिथे तिथे पोचलेली. मग तात्पुरता उपाय काय? सिस्टिमलाच खोटं बोलायला लावायचं. एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावला की ‘युनेम’ १० ऐवजी ९ सांगायचा.

असं वय चोरणारे आणखी आहेत. २००९ मध्ये ऑपेरा ब्राउझर १० वर गेला, पण वेबसाइट्सना स्वतःची ओळख ९.८० अशीच देत राहिला, कारण काही साइट्स पहिलाच अंक वाचून त्याला ऑपेरा १ समजायच्या. २०११ मध्ये लिनक्स ३.० आलं, तेव्हा २.६ ची सवय लागलेल्या प्रोग्रॅम्ससाठी कर्नेलमध्येच २.६.४० असं उत्तर द्यायची सोय करावी लागली.

माझी फाइल दोन अवतरण चिन्हांनी सुधारली. तेव्हापासून स्क्रिप्टमध्ये मी टिंबावर तुकडे करते आणि प्रत्येक तुकडा पूर्णांक म्हणून तपासते. सीमेकमध्ये ‘व्हर्जन लेस’ आहेच. शेलमध्ये ‘सॉर्ट’चा कॅपिटल व्ही चालतो, फक्त ‘आरसी१’ असं शेपूट असेल तर जपून. रिलीज कँडिडेट खरा आधी येतो, आणि हा पठ्ठ्या त्याला ३.१० च्या नंतर बसवतो.