झीज कोणाची, नासधूस कोणाची?

भाड्याचें घर सोडतांना घरधनी आणि भाडेकरी यांच्यांत जो वाद माजतो, तो बहुधा एकाच प्रश्नाचा असतो : जें बिघडलें तें काळानें कीं माणसानें? 1882च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 108व्या कलमानें याचें उत्तर एका वाक्यांत दिलें. घर जसें घेतलें तसें परत करावें. वाजवी वापरानें झालेली झीज आणि अनिवार शक्तीनें झालेला फरक तेवढा माफ. सातारा मुंबई इलाख्यांत, म्हणून तेथें हा कायदा 1893 पासून आला. सांगली मात्र 1948 पर्यंत पटवर्धनांचें संस्थान होतें.

कायदा रचणारांच्या डोळ्यांपुढें पक्क्या विटांचें घर असावें, असें आम्हांस वाटतें. साताऱ्याच्या पेठांतील जुना वाडा म्हणजे दगडी जोतें, मातीच्या भिंती, लांकडाचे वासे आणि वर कौलें. असें घर वापरानें झिजतें त्याहून अधिक हेळसांडीनें खचतें. सारवण राहिलें कीं जमीन उखडते. मृगाआधीं शाकारणी चुकली कीं सरकलेल्या एका कौलांतून पाणी वाशांत मुरतें व पुढें वाळवी लागते. वासा मोडला, तर दोष कोणाचा? सारवण बिऱ्हाडकरूच्या घरच्या बायकांनीं करावें, शाकारणी मालकानें, अशी समजूत सामान्यतः असे. पण ती कागदावर कोण लिहितो! त्याच कलमानें स्थानिक वहिवाटीस मान दिला आहे खरा. मात्र ती शाबीत करण्यास शेजारच्या आजीबाईंनाच कोर्टांत नेलें पाहिजे.

पुढें 1947च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें बांधलें गेलें आणि प्रश्न अधिकच चिघळला. तुटपुंज्या भाड्यांत कौलेंही येईनात, म्हणून मालकानें हात आंखडला; भाडेकरी म्हणे, घर माझें नव्हे. नासधुशीचें कारण दाखवून घर रिकामें करून मागतां येतें, पण ती घरास कायमची अपायकारक असावी लागते. खिळ्यांचीं भोकें, काळवंडलेला चुना किंवा झिजलेला उंबरठा हें त्यांत बसत नाहीं. तुळई कापणें बसतें. 1999च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानें दुरुस्तीचा भार मालकावरच ठेविला. तो न हलल्यास भाडेकऱ्यानें पंधरा दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करावी व खर्च भाड्यांतून वळता करावा; मात्र वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच. जुन्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यांत एक वासा तरी येईल काय?

सांगलीस या तंट्यांत कृष्णा हा तिसरा पक्षकार. ऑगस्ट 2019 मध्यें आयर्विन पुलापाशीं पाणी 57 फुटांवर चढलें. पूर ही अनिवार शक्ति, येथवर वाद नाहीं. परंतु पाणी ओसरल्यावर ओल्या घरास कुलूप घालून बिऱ्हाड महिनोन्महिने गांवीं राहिलें, आणि मग भिंत बसली, तर तिला पुरानें पाडलें कीं कुलपानें? भिंतीवरील गढूळ रेघ पाणी कोठवर आलें तें दाखविते. तिच्याखालची भेग आधींची कीं नंतरची, हें सांगावयास घर ताब्यांत घेतेवेळीं लिहिलेला साधा कागदही बहुधा नसतो.