बिनविरोध घटनासमिती

आपल्याकडे एखाद्या ग्रामपंचायतीची किंवा सहकारी सोसायटीची निवडणूक बिनविरोध झाली, म्हणजे ती गावाच्या एकोप्याची खूण समजण्याची रीत आहे. तंटा टळला, खर्च वाचला, चार शहाण्यांच्या विचाराने काम झाले, असे लोक समाधानाने म्हणतात. आणि गावापुरते ते समाधान सर्वस्वी खोटे असते असे आम्ही म्हणत नाही. परंतु ज्या सभेने राज्याचा मूळ कायदाच घडवावयाचा, राजा ठेवावा की घालवावा, जमीन कोणाची, राज्य कोणत्या राष्ट्राचे, हे ठरवावयाचे, ती सभाच बिनविरोध निवडून आली तर तिच्या निर्णयांचे वजन वाढते की घटते? हा प्रश्न काल्पनिक नव्हे. जम्मू-काश्मीरच्या घटनासमितीचा १९५१ ते १९५७ पर्यंतचा इतिहास त्याच प्रश्नाभोवती फिरलेला आहे.

स्वातंत्र्यानंतर स्वतःची घटना घडविण्याचा विचार एकट्या काश्मीरने केला नव्हता. म्हैसूर, सौराष्ट्र, त्रावणकोर-कोचीन ह्या संस्थानी मुलुखांतही घटनासमित्यांची योजना होती. परंतु १९४९ मध्ये त्यांनी भारताचीच घटना आपली मानली. काश्मीरची गोष्ट निराळी होती. महाराजा हरिसिंगांनी २६ ऑक्टोबर १९४७ रोजी सामीलनाम्यावर सही केली ती टोळीवाल्यांच्या स्वारीच्या धुमाळीत; पुढे प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे गेला, आणि राज्याचा काही भाग पाकिस्तानच्या ताब्यात राहिला. यास्तव भारताच्या घटनेत ३७० वे कलम घालून ह्या राज्याचे संबंध वेगळ्या रीतीने बांधण्यात आले, आणि पुढचे पुष्कळसे काम राज्याच्या भावी घटनासमितीवर सोपविण्यात आले.

त्या समितीच्या निवडणुकीचा जाहीरनामा १ मे १९५१ रोजी युवराज करणसिंग यांनी काढला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते. एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत, गुप्त मतदान, आणि सुमारे ४०,००० लोकवस्तीस एक प्रतिनिधी, अशी व्यवस्था ठरली. हिचे महत्त्व कमी लेखू नये. महाराजांनी १९३४ मध्ये जी प्रजासभा स्थापिली होती तिच्या ७५ सभासदांपैकी केवळ ३३ निवडलेले असत, आणि मताचा हक्क मूठभरांनाच होता. फार काय, दिल्लीत भारताची घटना ज्या सभेने केली तिचे प्रांतिक सभासददेखील कायदेमंडळांनी निवडलेले होते. सामान्य माणसाने त्यांस प्रत्यक्ष मत दिले नव्हते. तेव्हा कागदावर पाहता काश्मीरची घटनासमिती दिल्लीच्या सभेहूनही अधिक लोकसत्ताक ठरावयाची होती.

प्रत्यक्षात काय घडले? निवडावयाच्या जागा ७५ होत्या: काश्मीर खोऱ्याच्या ४३, जम्मूच्या ३० आणि लडाखच्या २. खोऱ्यात शेख अब्दुल्ला यांच्या नॅशनल कॉन्फरन्सच्या उमेदवारांपुढे कोणी उभेच राहिले नाही. जम्मूत पंडित प्रेमनाथ डोग्रा यांच्या प्रजा परिषदेने निवडणूक लढविण्याचे ठरविले. परंतु छाननीत तिच्या अनेक उमेदवारांचे अर्ज फेटाळण्यात आले, आणि परिषदेने निवडणुकीवर बहिष्कार पुकारला. परिणामी दोन-चार जागांखेरीज कोठेही मतदानाची वेळच आली नाही. पंचाहत्तरच्या पंचाहत्तर जागा एकाच पक्षाकडे गेल्या. प्रत्येकास मताचा हक्क मिळाला, पण तो बजावण्याचा प्रसंग बहुतेकांस मिळाला नाही.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेखसाहेबांची खोऱ्यातील लोकप्रियता बनावट नव्हती. त्यांच्या सरकारने १९५० मध्ये मोठ्या जमीनदारीस आळा घालून १८२ कनाल, म्हणजे पावणेतेवीस एकर, ही धारणेची मर्यादा घातली होती, आणि वरची जमीन कसणाऱ्यास दिली होती. अशा पक्षाने सरळ निवडणूक लढविली असती तरी बहुमत त्याचेच झाले असते, याविषयी आम्हांस संशय वाटत नाही. आणि म्हणूनच ह्या प्रकरणाची खंत अधिक वाटते. जे अर्ज फेटाळले गेले त्यांनी सत्ता उलथली नसती. पाच-दहा विरोधक सभेत येऊन बसले असते, एवढेच.

समितीची पहिली बैठक ३१ ऑक्टोबर १९५१ रोजी श्रीनगरात भरली. गुलाम महंमद सादिक अध्यक्ष झाले. ५ नोव्हेंबरच्या भाषणात शेख अब्दुल्लांनी सभेपुढे चार कामे मांडली: घटना करणे, राजघराण्याचे भवितव्य ठरविणे, जमीनदारांस मोबदला द्यावा की नाही हे ठरविणे, आणि सामीलीकरणाविषयी आपले विचारपूर्वक मत देणे. ही सभा केवळ हात वर करणारी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. मोबदला न देण्याचा आणि वंशपरंपरागत राजेपद मोडण्याचा निर्णय तिने १९५२ मध्येच घेतला. त्याच वर्षी नोव्हेंबरात करणसिंग तिच्याच मतांनी सदर-इ-रियासत झाले. लडाखचे कुशोक बकुला हे त्याच पक्षाचे सभासद; पण १९५२ च्या अंदाजपत्रकावर बोलताना, लडाखची उपेक्षा होते, हे त्यांनी उघडपणे सांगितले. सभेत एक निराळा आवाज किती उपयोगाचा असतो, हे त्यावरून दिसते.

परंतु जे निराळे आवाज दाराबाहेर ठेवले गेले ते गप्प बसले नाहीत. सभागृहात जो वाद शब्दांनी व्हावयाचा, तो १९५२-५३ मध्ये जम्मूच्या रस्त्यावर सत्याग्रह, लाठीमार आणि तुरुंगवास ह्या रूपाने झाला. त्या चळवळीच्या पाठिंब्यासाठी आलेले डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी २३ जून १९५३ रोजी श्रीनगरात स्थानबद्धतेत वारले, आणि कटुता देशभर पसरली.

दुसरा परिणाम ज्यांनी ती निवडणूक जिंकली त्यांनाच भोगावा लागला. ८ ऑगस्ट १९५३ रोजी सदर-इ-रियासतांनी शेख अब्दुल्लांना पंतप्रधानपदावरून दूर केले. लगेच त्यांना अटक झाली, आणि बक्षी गुलाम महंमद त्यांच्या जागी आले. शेखांवर सभेचा विश्वास आहे की नाही, हे सभा बोलावून आधी पाहिले गेले नाही. ऑक्टोबरात त्याच सभेने बक्षींवर विश्वास व्यक्त केला. फेब्रुवारी १९५४ मध्ये सामीलीकरणास मान्यता दिली. आणि १७ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्य हे भारताचे अविभाज्य अंग आहे व राहील असे सांगणारी घटना संमत केली. ज्यांच्या नावावर हे सभासद निवडून आले होते ते त्या वेळी कैदेत होते. सभा आता लोकांची प्रतिनिधी उरली नाही, हा त्यांचा आक्षेप होता. सभासद बदलले होते, की त्यांचे मतदारही बदलले होते? मते पडलीच नसल्यामुळे ह्या प्रश्नाचे उत्तर ना शेखांस देता आले, ना बक्षींस. बिनविरोध निवड ही अशी दुधारी असते.

२६ जानेवारी १९५७ रोजी घटना पूर्णपणे अमलात आली आणि समितीचे विसर्जन झाले. ३७० वे कलम रद्द करण्यास जिची शिफारस हवी असे त्या कलमातच लिहिले होते, ती समिती तशी शिफारस न करता मावळली. म्हणून बासष्ट वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, ते कलम निष्प्रभ करण्यात आले तेव्हा ही विसरलेली सभा पुन्हा वादाच्या मध्यभागी आली. ११ डिसेंबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, समिती विसर्जित झाल्याने राष्ट्रपतींचा ह्या कलमाखालील अधिकार संपला नाही, असे ठरविले. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न तेथे मिटला.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र पाहावयाचे ते निराळे. घटना हा विजयी पक्षाचा जाहीरनामा नव्हे. हरलेल्यासही जी आपली वाटावी ती घटना. आणि ती त्यास आपली वाटावी, तर ती घडत असताना त्याला आत बसून ‘नाही’ म्हणता आले पाहिजे. ज्याला विजयाची पूर्ण खात्री आहे, त्यानेच विरोधकाचा अर्ज अधिक जपावा. १९५१ मध्ये श्रीनगरच्या त्या सभेत दहा विरोधक असते तर तिचे बहुतेक ठराव तेच राहिले असते. पण ते कोणाच्या वतीने झाले, हा प्रश्न पुढे इतकी वर्षे विचारला गेला नसता.